शांत बाळ

नागपुरात मारबतीच्या मिरवणुकीत, जागनाथ बुधवारीच्या गर्दीत, आईच्या खांद्यावर झोपलेलं एक तान्हं पोर पाहिलं. चार हातांवर ढोल-ताशे कडाडत होते. त्याची पापणी हलत नव्हती. शेजारची बाई म्हणाली, "किती शांत लेकरू आहे जी तुमचं!" आई सुखावली.

दमलेलं पोर झोपतंही. पण त्याला ऐकू येतं का, ही शंका कोणालाच येऊ नये? याच कौतुकापायी किती मुलांची पहिली तीन वर्षं वाया जातात!

ऐकू येतं का ते पाहायला जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ बोंडी ठेवून बारीक टकटक ऐकवतात. अंतःकर्णातल्या केशपेशी धड असतील तर त्या स्वतःचा अतिसूक्ष्म आवाज परत धाडतात आणि यंत्र तो टिपतं. ही ओएई चाचणी, काही मिनिटांचं काम. त्यात शंका आली तर बेरा: कपाळाला, कानामागे चकत्या चिकटवून आवाज नसेतून मेंदूकडे पोचतो का, ते पाहतात. काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा कावीळ फार वाढलेल्या बाळांची बेराच करायला हवी, कारण तिथे कान चांगला आणि नस बिघडलेली असू शकते. महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांत निदान, सहा महिन्यांत उपचार सुरू, हा जगाने मानलेला दंडक.

आमच्या घरांत मात्र मागून थाळी वाजवतात. पोर सावलीने, हादऱ्याने वळतं आणि निकाल लागतो: "ऐकू येते न बाप्पा!" मग "याचा बापही चार वर्षांचा होऊन बोलला." मग नवस. शेवटी ठपका आईवर, तिनं पोटुशी असताना ग्रहण पाहिलं म्हणून! पिढ्यान्‌पिढ्या नात्यातच लग्नं लावून बहिरेपणाचा धोका वाढवणाऱ्यांना कोणी जाब विचारत नाही. चष्म्याचं पोर हुशार दिसतं. कानात यंत्र घातलेलं पोर पाहुण्यांपुढे आणत नाहीत, कारण मोठ्या बहिणीचं लग्न जमायचं असतं. हा लेकराशी केलेला द्रोह आहे. भाषा बोलण्याची असो वा खुणांची, ती वेळेत मिळाली नाही तर विचारालाच खीळ बसते.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी आहे. केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांटला, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या यंत्राला, मदत मिळते, पण जन्मतः बहिऱ्या मुलांसाठी ती पाच वर्षांपर्यंतच. थाळ्या वाजवण्यात गेलेले दिवस सरकार परत देत नाही.

शेजारातलं सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नसेल, तर त्याच्या आईला शांत बाळाचं कौतुक सांगू नका. तिच्यासोबत मेडिकल किंवा मेयो रुग्णालयात जा आणि कान-नाक-घसा विभागाचा केसपेपर काढा. उद्याच.