विसाव्याची शिस्त

पुण्यातील कोणत्याही टेकडीवर पहाटे साडेपाचच्या सुमारास गेल्यास धावणाऱ्या माणसांची ये-जा दिसते. त्यांत तरुण असतात, तसे केस पांढरे झालेले गृहस्थ आणि गृहिणीही असतात. कोणाला डॉक्टरांनी वजन कमी करण्यास सांगितलेले असते, तर कोणाला दिवसातला एक तास तरी स्वतःसाठी हवा असतो. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत अशा हौशी धावपटूंचा एक मोठा वर्गच आपल्या शहरांत निर्माण झाला. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मीही त्यात सामील झाले. ही हौस स्वागतार्हच आहे. मात्र तिच्याबरोबर एक जुने वाक्य नव्याने ऐकू येऊ लागले आहे: ‘थांबला तो संपला.’ या वाक्याविषयी मला काही सांगावयाचे आहे, कारण त्याची किंमत मी स्वतः मोजली आहे.

सातारा येथे २०१२ सालापासून एक डोंगरी अर्धमॅरेथॉन भरते. शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याने काही अंतर जायचे आणि त्याच वाटेने परत यायचे, असा हा सुमारे २१ किलोमीटरांचा मार्ग आहे. २०२२ साली मी तीत नाव नोंदवले. चढाचा सराव हवा म्हणून टेकडीवरील फेऱ्या मी एकदम दुप्पट केल्या. पंधरवड्याने उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस दुखू लागले. पहिले तीन किलोमीटर काहीच जाणवत नसे. चौथ्यात, विशेषतः उतारावर, कोणी सुई टोचावी तशी कळ येई. थांबले की कळ जाई. त्यामुळे ती गंभीर नसावी, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली. शर्यतीच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेतली, शर्यत पूर्ण केली आणि पदक गळ्यात घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. पुढचे चार महिने धावणे तर दूरच, पण मंडईत जाऊन येणेही जड झाले.

ज्या तरुण फिजिओथेरपिस्टकडे मी गेले, तिने मला एका पायावर उभे राहण्यास सांगितले. माझी कंबर एका बाजूला कलली. ती हसून म्हणाली, ‘‘काकू, ओरडतोय गुडघा, पण काम चुकवताहेत कमरेचे स्नायू.’’ मांडीच्या बाहेरच्या बाजूने नितंबापासून गुडघ्याच्या खालपर्यंत एक चिवट पट्टा जातो. कमरेचे स्नायू दुबळे असले आणि धावण्याचा भार अचानक वाढला, की हा पट्टा गुडघ्यापाशी दुखावतो; उतारावर तर त्याच्यावरचा ताण अधिकच वाढतो. शरीराची घडणच अशी आहे, की सरावाने हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारतात. हाडे आणि स्नायुबंध यांना मात्र कित्येक महिने लागतात. म्हणून दम टिकतो, उत्साह वाढतो आणि नेमक्या त्याच वेळी पाय मागे राहिलेले असतात. हौशी धावपटूंच्या अनेक दुखापतींचे मूळ या तफावतीत आहे.

मी घेतलेल्या गोळीविषयीही तिने मला खडसावले. वेदना हा शरीराने दिलेला इशारा असतो. गोळीने इशारा बंद होतो, इजा बंद होत नाही. शिवाय लांब अंतर धावताना अंगातील पाणी घटलेले असते. अशा वेळी अनेक वेदनाशामके मूत्रपिंडांवर भार टाकतात. घराला आग लागली असताना घंटेचा आवाज नको म्हणून घंटाच काढून टाकण्यासारखे हे कृत्य होते, आणि ते मी स्वतःच्या हाताने केले होते.

यावर कोणी म्हणेल, की मग सरळ नियम पाळावेत. धावण्याचे अंतर आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा असाच एक लोकप्रिय नियम आहे. नियम उपयोगी असतात, यात शंका नाही. पण केवळ त्यांच्यावर विसंबता येत नाही. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे पाचशेहून अधिक नवशिक्या धावपटूंचा एक अभ्यास झाला आणि तो २००८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने असा हळूहळू वाढणारा सराव अधिक आठवडे केला, तर दुसऱ्या गटाने नेहमीचा, कमी आठवड्यांचा सराव केला. दोन्ही गटांत दुखापतींचे प्रमाण जवळजवळ सारखेच, म्हणजे पाचांत एक असे निघाले. सर्वांच्या पायांना एकच वेळापत्रक लागू पडत नाही, एवढा बोध त्यातून मी घेतला. शेवटी आपल्या शरीराची भाषा आपल्यालाच शिकावी लागते. धावू लागल्यावर ओसरणारा आखडलेपणा निराळा आणि पावलागणिक वाढणारी, एकाच जागी बोट ठेवून दाखवता येणारी कळ निराळी. पहिल्याबरोबर चालता येते. दुसरीपुढे थांबावेच लागते.

थांबणे म्हणजे अंथरुणावर पडून राहणे नव्हे. त्या चार महिन्यांत मी पोहले, भिंतीला टेकून कमरेचे व्यायाम केले, आधी चालले, मग एक मिनिट धावून दोन मिनिटे चालले. या सरावाचे छायाचित्र कोणी काढत नाही. पण मला पुन्हा पायांवर उभे केले ते त्यानेच.

जिद्दीच्या गोष्टी सांगताना आपण त्यांचा अर्धाच भाग सांगतो. अमेरिकेच्या जोन बेनॉइटने १९८४ साली गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर अवघ्या सतरा दिवसांनी निवडीची शर्यत जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे महिलांच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळवले. हे खरेच आहे. पण गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तिने उपचाराचा मार्ग धरला, हेही तितकेच खरे आहे. शिवाय ती जगातील अग्रगण्य धावपटूंपैकी एक होती. जिला सोमवारी कामावर जायचे आहे, अशा माझ्यासारखीने तिच्या जिद्दीचे अनुकरण करताना आपला पाय आणि आपला संसार दोन्ही पाहावेत.

वास्तविक लांब वाट कशी चालावी, हे आपल्याकडील सामान्य माणसाला पूर्वीपासून ठाऊक आहे. आळंदीहून पंढरपूरकडे निघालेली पालखी पुण्यात दोन दिवस थांबते. पुढे दिवे घाट चढून जाण्याचा लांब टप्पा येतो आणि त्यानंतर सासवडला पुन्हा दोन दिवसांचा मुक्काम असतो. रोजच्या वाटेवर विसाव्याची ठिकाणे ठरलेली असतात. विसाव्याला बसलेल्या वारकऱ्याला ‘तू संपलास’ असे कोणी म्हणत नाही. तिथे विसावा हा वारीचाच भाग आहे.

२०२३ साली मी पुन्हा नाव नोंदवले. शर्यत तीन आठवड्यांवर आली असताना तीच कळ त्याच जागी उठली. शुल्क भरलेले होते, शेजारीपाजारी सांगून झाले होते, आणि या वेळी न धावण्याचे मी ठरवले. निर्णय सोपा नव्हता, लाज वाटली. मैत्रिणींबरोबर साताऱ्याला मात्र गेले आणि घाटातील एका वळणावर टाळ्या वाजवत उभी राहिले. साठीचे एक गृहस्थ लंगडत उतरत होते. चेहरा वेदनेने आक्रसलेला होता. ‘आता थांबा,’ असे माझ्या ओठांवर आले होते, पण मी बोलले नाही. आदल्या वर्षी मला कोणी तसे म्हटले असते, तर मी तरी कुठे ऐकले असते? आजही वाटते, की बोलायला हवे होते.

ज्यांचे शिक्षण, व्यवसाय किंवा एखादी कला मध्येच सुटली आणि ज्यांनी काही वर्षांनी ती पुन्हा हाती घेतली, त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. खंड पडणे आणि शेवट होणे यांत अंतर आहे. मात्र खंडानंतर पुन्हा सुरुवात करता यावी, यासाठी स्वतःला मोडण्याआधीच थांबावे लागते. हेच विसाव्याचे कठीण अंग आहे; त्यालाच मी शिस्त म्हणते.

२०२४ साली मी ती शर्यत पुन्हा धावले. तीव्र उतारांवर चालले. मला पहिल्या वेळेपेक्षा वीस मिनिटे अधिक लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र जिन्याचा कठडा न धरता खाली उतरले आणि नेहमीप्रमाणे दूध घेऊन आले.