सत्य सांगेल त्याला विमा नाही!

मृत्यू कोणाला चुकलेला नाही. परंतु आपल्यामागे बायकामुलांच्या तोंडचा घास जाऊ नये, एवढी तरतूद माणसाला करता येते. आयुर्विम्याचे मर्म ते हेच. मात्र ज्याच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू आहे, असा गृहस्थ ही तरतूद करावयास निघाला की तो विलक्षण पेचात सापडतो. प्रस्तावपत्रातील प्रश्नाला खरे उत्तर द्यावे, तर अर्ज फेटाळला जाण्याची धास्ती. सत्य दडवावे, तर पहिल्या तीन वर्षांत मृत्यू ओढवल्यास त्याच कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते, आणि विधवेच्या पदरी निराशा येते. सत्याला शिक्षा आणि असत्याचा जुगार, याखेरीज तिसरी वाट ज्या व्यवहारात सहजी सापडत नाही, त्याला न्याय्य कसे म्हणावे?

कायदा याबाबत मुका आहे, असेही नाही. संसदेने २०१७ मध्ये केलेला एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. विमा नाकारणे अथवा विम्याच्या बाबतीत अन्यायाने वागवणे हा त्या कायद्याने भेदभाव ठरविला आहे. अपवाद एकच : विमागणिताच्या अभ्यासाचा आधार असेल तर! या अपवादाला आमचा विरोध नाही. विमा म्हणजे धर्मादाय नव्हे. हजारो विमेदारांच्या हप्त्यांतून उभा राहिलेला तो निधी आहे आणि जोखीम मोजूनच त्याचा विनियोग झाला पाहिजे. परंतु मोजणे वेगळे आणि मोजण्याचे टाळून हाकलून देणे वेगळे.

१९८६ साली चेन्नईत या विषाणूची देशातील पहिली नोंद झाली, तेव्हा वैद्यकाच्या हाती उपाय नव्हता. आज तशी स्थिती राहिलेली नाही. १ एप्रिल २००४ पासून सरकार या रुग्णांना विनामूल्य औषधे देत आहे. वेळीच उपचार सुरू करून जो नियमाने गोळ्या घेतो, त्याच्या रक्तातील विषाणू चाचणीतही दिसेनासा होतो, शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला लागत नाही, आणि त्या माणसाचे आयुर्मान इतरांच्या जवळपास पोहोचते. अशा माणसाला जुन्या भयाच्या मापाने मोजणे, म्हणजे देवीच्या साथीतील मृत्यूंचे कोष्टक उघडून लस टोचलेल्याचा हप्ता ठरविण्यासारखेच आहे. मधुमेही अर्जदाराची साखर तपासून, हप्त्यात थोडी वाढ करून त्याला पॉलिसी दिली जातेच ना? मग येथेही विषाणूचे प्रमाण, प्रतिकारशक्ती आणि उपचारातील सातत्य तपासून वाजवी हप्ता का ठरू नये? दक्षिण आफ्रिकेत असा विमा गेली अनेक वर्षे दिला जात आहे, आणि त्यामुळे तेथील विमाव्यवसाय बुडालेला नाही.

केवळ विषाणू आहे म्हणून, काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला नोकरी नाकारता येणार नाही, असे आमच्या मुंबईच्या उच्च न्यायालयाने १९९७ सालीच बजावले होते. नाव रोगाचे न पाहता माणसाची प्रत्यक्ष अवस्था पाहा, हेच त्या निर्णयाचे सार. आणि विम्यालाही तेच तत्त्व लागू पडते. विमा नियामकाने फेब्रुवारी २०२३ मध्ये आरोग्यविमा कंपन्यांना या रुग्णांसाठी स्वतंत्र योजना आणण्याचा आदेश दिला, तो स्तुत्यच आहे. पण आरोग्यविमा रुग्णालयाचे बिल भागवितो. बापामागे पोरांची शाळा चालवतो तो आयुर्विमा!

देशात असे सुमारे २५ लाख नागरिक आहेत आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा आहे. एखादी कंपनी सौजन्य दाखवीलही; परंतु कायद्याने दिलेला हक्क सौजन्यावर सोडता येत नाही. म्हणून नियामकाने आयुर्विमा कंपन्यांनाही निःसंदिग्ध आदेश द्यावा : नकार लेखी असावा, आणि ज्या अभ्यासाच्या आधारे तो दिला, तो उपचार घेणाऱ्या आजच्या रुग्णांचा असून अर्जदारापुढे ठेवला जावा. १९५६ साली विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाले ते विमा घरोघर पोहोचावा म्हणून. तेव्हा पहिले पाऊल आयुर्विमा महामंडळाने टाकणेच शोभेल. रोज न चुकता गोळी घेऊन जो स्वतःचे आयुष्य राखतो, त्याच्याहून भरवशाचा विमेदार आणखी कोणता हवा?