मॅन्टायचे मंदिर आणि सोयीचा न्याय

जुनी वास्तू मोडावयाची ठरली, की तिच्या मालकांच्या मुखी एकच शब्द येतो: सोय. हा शब्द इतका सोज्वळ आहे, की त्याच्याविरुद्ध बोलणारा आपोआपच हटवादी ठरतो. तो दोष पत्करूनही आम्हास या शब्दाची झडती घ्यावयाची आहे.

अमेरिकेतील युटा राज्यात मॅन्टाय नावाचे लहानसे गाव आहे. तेथील टेकडीवर मॉर्मन पंथीयांनी 1877 साली मंदिराचे काम आरंभिले आणि 1888 साली ते पुरे केले. स्थापत्यकार विल्यम फॉल्सम. चुनखडीचा फिकट दगड त्याच टेकडीतून काढलेला; त्यामुळे मंदिर टेकडीवर आणून ठेवल्यासारखे न वाटता तिच्यातूनच उगवल्यासारखे भासते. आतील दोन चक्राकार जिने मधल्या खांबाच्या आधाराशिवाय वर चढत जातात.

परंतु या वास्तूचे मर्म तिच्या रचनेत आहे. उपासकाने एकाच जागी बसून राहावयाचे नाही. सृष्टीच्या उत्पत्तीचे दालन, आदिमानवाचे उद्यान, मग हे कष्टमय जग, असे करीत त्याने स्वर्गीय दालनापर्यंत चालत जावयाचे. जगाच्या दालनातील भिंतींवर मिनर्व्हा टायकर्ट या चित्रकर्तीने 1947 साली नाना राष्ट्रांच्या जनसमूहांची चित्रे रंगविली. हे मंदिर म्हणजे पायांनी वाचावयाचा ग्रंथच होय.

या ग्रंथाची पाने फाडण्याचा बेत मार्च 2021 मध्ये जाहीर झाला. भित्तिचित्रे काढावयाची आणि विधी चित्रपटाच्या साहाय्याने चालवावयाचा! कारणे दिली गेली ती क्षुल्लक नव्हती, हे आम्ही प्रांजळपणे मान्य करतो. अनेक भाषा बोलणाऱ्या उपासकांना विधी समजला पाहिजे. अधिक लोकांना त्यात भाग घेता आला पाहिजे. मंदिर हे उपासनेसाठी असते, पदार्थसंग्रहालय म्हणून नव्हे, हेही खरे.

तथापि या युक्तिवादात एक खोच आहे. उपासना निराळी आणि भिंती निराळ्या, असे त्यात गृहीत धरलेले आहे. जेथे चालणे हाच उपासनेचा भाग, तेथे दालनांचा क्रम मोडणे म्हणजे उपासनाच पालटणे नव्हे काय?

सुदैवाने लोकांनी आवाज उठविला आणि दोन महिन्यांच्या आत, मे 2021 मध्ये, चित्रे राखण्याचे ठरले. वाढत्या गरजेसाठी शेजारच्या इफ्राइम गावी नवे मंदिर बांधण्याचे जाहीर झाले. म्हणजे सोयीचा मार्ग पहिल्यापासून उपलब्ध होता. त्यासाठी मोडतोड अपरिहार्य नव्हती. 2024 साली जुने मंदिर पुन्हा उपासनेस खुले झाले.

कोलव्हिल गावाचे दैव असे बलवत्तर नव्हते. 1879 साली आरंभिलेले तेथील मॉर्मन सभागृह विरोधाला न जुमानता मार्च 1971 मध्ये भुईसपाट करण्यात आले. तेव्हाही कारण सोयीचेच होते.

मालकी ही विश्वस्ताची असते, असे आमचे मत आहे. ज्यांनी दगड वाहिले ते आज बोलू शकत नाहीत. जे उद्या पाहतील त्यांचा अद्याप जन्म नाही. या दोघांची बाजू ऐकल्यावाचून केलेल्या निवाड्यास सोय म्हणता येईल, न्याय म्हणता येणार नाही.