श्रेय मोजता येते काय?

संकेतस्थळाची श्रेयनामावली माणसाने लिहिण्याची आता गरज उरलेली नाही, असा एक समज रूढ होऊ पाहतो आहे. मजकूर 'गिट'मध्ये ठेवला की 'शॉर्टलॉग' ही एक आज्ञा पुरते. कोणी किती बदल नोंदवले याची उतरत्या क्रमाने यादी क्षणात तयार होते आणि तीच योगदात्यांची फाइल म्हणून आपोआप संकेतस्थळावर चढवता येते. ही सोय आहे, याबद्दल वाद नाही. हा न्याय आहे, हे मात्र मान्य करता येणार नाही.

मुळात ही आज्ञा मोजते काय? फक्त नोंदी. स्वल्पविराम बदलल्याची एक नोंद आणि अख्ख्या प्रकरणाचे भाषांतर चढवल्याची एक नोंद, दोन्हींचे मोल तिच्या लेखी सारखेच. महिनाभर हस्तलिखिते ताडून पाठभेद कळवणारा, पण स्वतः गिटला हात न लावणारा अभ्यासक तिला दिसतच नाही. त्याचे पत्र वाचून दुरुस्ती चढवणाऱ्याचे नाव तेवढे यादीत येते. एकाच व्यक्तीने आपले नाव दोन तऱ्हांनी लिहिले की तिची दोन माणसे होतात. ती पुन्हा एक करण्यासाठी 'मेलमॅप' नावाची फाइल असते. पण कोणते नाव कोणाचे, हे त्या फाइलीला माणसानेच सांगावे लागते.

यावर ठरलेले उत्तर असे की, माणसाने केलेल्या यादीत वशिला असतो, विस्मरण असते, यंत्र निःपक्षपाती. यातला पहिला भाग अगदी खरा आहे. १८३१ सालच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाला आपण आजही नुसते 'मोल्सवर्थ' म्हणतो. त्यासाठी शब्द जमवणारे, पारखणारे शास्त्री आपल्या बोलण्यातून केव्हाच गळून गेले. परंतु ग्रंथाच्या मुखपृष्ठावर कोणाचे नाव घालायचे, हे कोणीतरी ठरवलेले असते, म्हणूनच त्याला जाब विचारता येतो. आज्ञेने केलेल्या वगळणुकीला कर्ताच नसतो. 'यादी आपोआप बनते' एवढे म्हटले की संपादक मोकळा. वास्तविक काय मोजायचे, हा निर्णयही माणसाचाच असतो. यंत्र तो फक्त झाकते.

मग करावे काय? कच्ची यादी यंत्राने जरूर करावी. नजरचुकीने सुटणारी पुष्कळ नावे त्यामुळे हाती लागतील. त्यानंतर संपादकाने प्रत्येक नावापुढे काम लिहावे: भाषांतर, मुद्रितशोधन, पाठचिकित्सा, तांत्रिक बाजू. ज्यांची नोंद कुठेच नाही, त्यांची आठवण करून नावे घालावीत. आणि यादीखाली ती कोणी केली, हेही लिहावे.

ऋणनिर्देश हे संपादकीय लेखन आहे, हिशेबवहीचा उतारा नव्हे. ऋण मान्य करायला ऋणी माणूस लागतो.