कळसूबाईचे पाहुणे

वांद्र्याच्या आमच्या गटातल्या दहाजणी गेल्या हिवाळ्यात तीन दिवसांच्या ट्रेकला गेलो. रतनगड, मग कळसूबाई. चूल नाही, डबा नाही! ओझी वाहायला गावातले गडी, जेवायला गरम पिठलं-भाकरी.

शेवटचा मुक्काम पायथ्याच्या एका घरी. तिथली बाई पहाटे हंडा घेऊन निघाली, रात्री आमची ताटं घासत बसली. पैसे मात्र नवऱ्याच्या हातात. ट्रेकवाल्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "ती घरचीच आहे." रोजगार हमीच्या मस्टरवर निदान बाईचं नाव तरी लागतं.

आणि डोंगर कुणाचा? कथा अशी, की कळसू या कोळ्याच्या पोरीने केर-भांडी करणार नाही, या अटीवर चाकरी धरली. एकदा पाहुणे आले नि धन्याने तिला भांड्यांना बसवलं. तिने ती घासली आणि डोंगर गाठला, कायमचा. १६४६ मीटरवर तिच्या देवळापुढे आम्ही मुक्तीची गाणी म्हटली. मीही म्हटली. खाली आमची भांडी पडलेलीच होती.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी निघण्याआधी बाईची मजुरी ठरवा, तिच्याच हातात द्या. ताट जिचं तिने घासावं. गटातल्या दोघींना हे 'सहलीत राजकारण' वाटतं. वाटू दे.