लोम्ब्रोझो, लोकार आणि निठारीचा नाला

गुन्हेगारीशास्त्राच्या परीक्षेत लोम्ब्रोझो आणि लोकार ही नावे लागोपाठ येतात आणि विद्यार्थी ती एका दमात पाठ करतात. वास्तविक या दोन परस्परविरोधी वाटा आहेत. इटलीचा वैद्य चेझारे लोम्ब्रोझो याने १८७६ मध्ये गुन्हेगार जन्मतःच घडतो असे मांडले आणि त्याच्या खुणा कवटीत व जबड्यात शोधल्या. एदमाँ लोकार याने १९१० मध्ये फ्रान्समधील लियाँ येथे पोलिसांची प्रयोगशाळा थाटली. त्याची नजर चेहऱ्यावर नव्हती, घटनास्थळावर होती. स्पर्श झाला की माग उरतो, हे त्याचे तत्त्व.

नोएडाने कोणती वाट धरली? डिसेंबर २००६ मध्ये सेक्टर ३१ मधील निठारी येथे एका बंगल्यालगतच्या नाल्यातून लहान मुलांचे सांगाडे निघाले. खोदकामापूर्वी जागा बंदिस्त करण्याचे भान राहिले नाही. आरोपींना नार्को चाचणीसाठी गांधीनगरला नेण्याची तत्परता मात्र दाखवली गेली. पुरावा जागेत न शोधता माणसाच्या आत शोधायचा, हा लोम्ब्रोझोचाच वारसा. संमतीविना अशी चाचणी घटनाबाह्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सेल्वी खटल्यात सांगितले. तोवर लोकांनी निकाल कधीच लावून टाकला होता, आणि फाशीही सुनावली गेली होती.

११ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या एका खटल्यातही आरोपीला निर्दोष ठरवले. कबुलीजबाब सुमारे ६० दिवसांच्या कोठडीनंतरचा. अवशेषांची जागा आधीच सर्वांना ठाऊक झालेली. इतक्या हत्या घरात झाल्या असत्या तर तेथे रक्ताचा माग हवा होता. तज्ज्ञांच्या झडतीत तसा तो मिळाला नव्हता. माग नसणे हाही पुरावा असतो, ही लोकारची दुसरी बाजू पाठ्यपुस्तके सहसा सांगत नाहीत. मुले गमावलेल्या घरांना मात्र गुन्हेगार कोण हे आजही कळलेले नाही, आणि आता कळण्याजोगे फारसे काही उरलेलेही नाही.

२००८ मध्ये त्याच शहरात, सेक्टर २५ मधील दुहेरी हत्येच्या तपासात, दुसरा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर असूनही दुसऱ्या दिवशी सापडला. घरात तोवर माणसांची रीघ लागली होती.

सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे; अंमलासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. तज्ज्ञ पोहोचेपर्यंत दाराशी उभा असतो तो शिपाई. लोकारचे नाव त्याला कोणी शिकवलेले नसते.