कॅथलिक शाळांतील उपक्रमांचा जमाखर्च

इयत्ता सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना शाळा भरावी, अशी तरतूद २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात करण्यात आली. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्या सान्निध्यात राहून हाताने काम करावयास शिकावे, अशी त्यामागील कल्पना आहे. २०२४ साली राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने त्यासंबंधीच्या मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. कल्पना स्वागतार्ह आहे, परंतु ती नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी मांडलेली नई तालीम, १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने पुरस्कारिलेला कार्यानुभव आणि १९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने सुचविलेले समाजोपयोगी उत्पादक काम या सर्वांचा गाभा हाच होता. तिन्ही वेळा ही कल्पना वेळापत्रकात शिरली आणि बहुतेक ठिकाणी एका तासिकेपुरती उरली. चौथ्या वेळी तसेच होऊ नये असे वाटत असेल, तर वर्गातील उपक्रम आज कोणत्या वाटेने येतात आणि त्यांचा खर्च कोण सोसतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. या दृष्टीने वसई परिसरातील कॅथलिक शाळांचे उदाहरण उद्बोधक आहे.

वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. तेथील कॅथलिक समाजाची मुळे त्या काळातील आहेत. तथापि भाषेने व राहणीने हा समाज मराठीच राहिला. घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, परसात केळी, फुले व विड्याच्या पानांची बाग, किनाऱ्यालगत मासेमारी, असे त्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जीवन आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ते याच मातीतून आलेले. चर्चच्या पाठबळाने येथे उभ्या राहिलेल्या मराठी माध्यमाच्या शाळांनी बागायतदाराचे, कोळ्याचे आणि मजुराचे मूल एका बाकावर बसविले. गेल्या काही दशकांत पालकांचा ओढा इंग्रजी माध्यमाकडे वळला. शिस्त, वक्तृत्व, गायनवृंद, क्रीडास्पर्धा आणि सेवाकार्य ही कॅथलिक शाळांची परंपरागत वैशिष्ट्ये मात्र दोन्ही माध्यमांत टिकून राहिली. वर्गाबाहेरच्या उपक्रमांची ही समृद्ध परंपरा वर्गातील अध्ययनात कितपत उतरली, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात २०१० पासून पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत अवलंबिण्यात आली. तीनुसार दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक अथवा प्रयोग, उपक्रम अथवा कृती, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व इतर अशी आठ साधने शिक्षकाच्या हाती देण्यात आली. त्यांच्या आधारे होणाऱ्या आकारिक मूल्यमापनाला पाचवी-सहावीत ५० टक्के व सातवी-आठवीत ४० टक्के भारांश ठेवण्यात आला. उरलेला भाग सत्राअखेरच्या संकलित मूल्यमापनाचा. एका लेखी परीक्षेच्या धाकातून मुलाला सोडवावे आणि लिहिण्यात मागे पण करण्यात पुढे असलेल्या मुलाला न्याय मिळावा, हा या योजनेचा हेतू निःसंशय उदात्त होता.

परंतु ज्या गोष्टीला गुणांचे मोल येते, तिचा बाजारही लवकरच भरतो. उपक्रमांच्या बाबतीत हेच घडले. तयार प्रकल्पवह्या, छापील चित्रांचे तक्ते, ज्वालामुखीची वा सूर्यमालेची जुळवून ठेवलेली प्रतिकृती, इतकेच नव्हे तर शिक्षकांनी करावयाच्या वर्णनात्मक नोंदींची पुस्तकेही दुकानांत मिळू लागली. रात्री उशिरा मुलाचा प्रकल्प पुरा करणारी आई हे शहरातील घरोघरचे दृश्य झाले. मुलाने काय केले यापेक्षा काय आणून दिले, हे पाहण्याची सवय शाळेला लागली. माध्यम घरच्या भाषेहून वेगळे असेल, तर नुकसान दुहेरी होते. कारण ज्या भाषेत मुलाला शंका विचारता येत नाही, त्या भाषेतला प्रकल्प त्याला केवळ उतरवून काढावा लागतो.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा शिक्षणावरील अप्रत्यक्ष कर होय आणि तो प्रतिगामी स्वरूपाचा आहे. पुठ्ठा, रंग आणि छपाई यांची किंमत बागायतदाराच्या घरी आणि मजुराच्या घरी सारखीच पडते; उत्पन्नाशी तिचे प्रमाण मात्र मजुराच्या घरी कितीतरी अधिक असते. शिवाय घरी मदत करणारा शिकलेला पालक ही दुसरी अदृश्य गुंतवणूक गरीब मुलाजवळ नसतेच. ज्या साधनाने दुर्बल मुलाला वर आणावयाचे, तेच त्याला मागे ढकलण्याचे कारण बनते. आणि एवढा खर्च होऊनही पायाभूत शिक्षण पदरात पडतेच असे नाही. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील आठवीच्या मुलांपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागू शकणारी मुले सुमारे ४५ टक्केच आढळली. ज्या मुलाला भागाकार येत नाही, त्याच्या वहीत सुबक तक्ता चिकटलेला असणे ही समाधानाची बाब मानता येणार नाही.

वास्तविक खरा उपक्रम स्वस्त असतो. वसईच्या बागेतून पहाटेच्या गाडीने दादरला जाणाऱ्या फुलांचा हिशेब घ्या. बागेवर पडलेला खर्च, गाडीभाडे, हमाली, अडत, वाटेत होणारी घट आणि हाती आलेली रक्कम, एवढे आकडे सातवीच्या मुलाने आपल्याच घरातून वा शेजारातून मिळविले, तर शेकडेवारी, नफा-तोटा आणि गुणोत्तर-प्रमाण हे तिन्ही घटक त्याला एका हिशेबात भेटतात. मिठागरावर बाष्पीभवन दिसते. गोड्या पाण्याची विहीर खारट का होते, या प्रश्नात भूगोल आहे आणि नागरिकशास्त्रही. आजीच्या तोंडचे वाडवळी शब्द गोळा करून प्रमाण मराठीशी ताडून पाहिले, तर व्याकरणाचा तास जिवंत होतो. या सर्वाला लागणारे साहित्य म्हणजे एक वही आणि एक पेन्सिल. विशेष हे की, येथे बागेत राबणाऱ्या मजुराचे मूल मागे पडत नाही. उलट वर्गाला सांगण्यासारखे त्याच्याजवळ काही असते.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. अशा उपक्रमाला पैसा लागत नसला तरी वेळ लागतो, आणि आजच्या शाळेत वेळ हीच सर्वांत दुर्मीळ वस्तू आहे. माहितीचे तक्ते भरणे, निवडणुकीची कामे, अभ्यासक्रमाचा रेटा आणि पाचवी-आठवीसाठी पुन्हा आलेली वार्षिक परीक्षा यांतून उरलेल्या वेळात तीस-चाळीस मुलांशी बोलून नोंद करणे सोपे नाही. पालकांनाही दिसणारी वस्तू हवी असते. न दिसणारी समज नको असते. म्हणूनच हा प्रश्न एकट्या शिक्षकावर सोपविता येणार नाही. तो संस्थाचालकांचा आहे.

कॅथलिक संस्थाचालकांवर ही जबाबदारी अधिक येते, याचे कारण त्यांना लाभलेले स्वातंत्र्य. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क दिला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने प्रमती खटल्यात शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही, असा निर्णय दिला. दुर्बल घटकांसाठी २५ टक्के जागांचे बंधन त्यामुळे या शाळांवर आले नाही. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या द्विसदस्य पीठाने या निर्णयाविषयी शंका व्यक्त केली आणि हा प्रश्न मोठ्या पीठाने तपासावा, असे सुचविले. न्यायालयात काहीही ठरो, या स्वातंत्र्याचा विनियोग कशासाठी झाला, हे विचारण्याचा समाजाला अधिकार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणापत्रात गरिबांची चिंता वाहणे हे चर्चच्या शिक्षणकार्याचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. त्यामुळे ही अपेक्षा बाहेरून लादलेली नाही; ती या शाळांच्या स्वतःच्याच परंपरेतील आहे.

करावयाच्या गोष्टी फार नाहीत. प्रकल्पाचे सर्व काम शाळेच्या वेळात व शाळेच्या साहित्याने व्हावे, घरून विकत आणलेल्या वस्तूला गुण देऊ नयेत. प्रत्येक विषयाला स्वतंत्र प्रकल्प न देता सत्राला एकच, अनेक विषयांना स्पर्श करणारा प्रकल्प द्यावा. प्रकल्पाचे गुण त्याच्या देखणेपणावर न ठेवता, मुलाला त्याविषयी विचारलेल्या तोंडी प्रश्नांवर ठेवावेत. ते प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेत विचारावयासही हरकत नसावी. दप्तराविना दहा दिवसांसाठी गावातील बागायतदार, कोळीण व सुतार यांना रीतसर मानधन देऊन वर्गात बोलवावे. याला नवा कायदा लागत नाही की सरकारी अनुदान लागत नाही. एका संस्थेने एका वर्षी आपल्या सहावीच्या एका तुकडीपासून आरंभ केला तरी पुरे आहे; वर्षअखेर त्या तुकडीतील किती मुलांना भागाकार येतो, एवढाच हिशेब तिने पालकांपुढे मांडावा.